बाईंना गरम होतंय

८ जानेवारी

आज भर सिग्नलवर मी मफलर काढला, स्वेटर काढला आणि काच खाली करून तोंड बाहेर काढलं. काच नेहमीसारखी अर्ध्यात अडकली. बाहेर थंडी एवढी की रस्ता ओलांडणाऱ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. आणि माझ्या कानशिलांवरून घामाच्या धारा. स्टिअरिंगवर एक नर्स होती, शिकायला येते. ती म्हणाली, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, "मला उत्तम वाटतंय. हिरवा झालाय, गिअर टाक."

हे दिवसातून कितीदा तरी होतं. आधी छातीत काहीतरी धडधडतं, मग कुणीतरी आतून शेगडी पेटवल्यासारखी आग गळ्यावरून डोक्यात चढते. चेहरा लाल होतो. मग घाम. मग तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ते मला वाटायचं नुसतं बोलायचं असतं.

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वय विचारलं. एक्कावन्न म्हटल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणजे तपासणी संपली.

"वयाचा भाग आहे, ताई. मन रमवा. काही छंद आहे का?"

"गाडी शिकवते."

"म्हणजे ताण. तो कमी करा."

हे डॉक्टर माझ्याच वयाचे. गेल्या वर्षी यांचा गुडघा दुखत होता, तर दवाखाना बंद ठेवून तीन मोठ्या डॉक्टरांना दाखवून आले. तो वयाचा भाग नव्हता वाटतं. गुडघ्याला कुणी छंद सुचवला नाही.

म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं. कागदासमोर लाजायचं कारण नाही.

११ जानेवारी

ताईला फोन केला. सख्खी मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. विचारलं, "तुला झालं होतं का गं असं?" पलीकडे तिनं आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मग दबक्या आवाजात म्हणाली, "झालं होतं. चार-पाच वर्षं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मला काय माहीत काय विचारायचं असतं ते?"

"आईनं मला सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि मग, "हळू बोल, हॉलमध्ये माणसं आहेत." हॉल तिचा, माणसं तिची, आणि हळू मी बोलायचं.

पाळी पहिल्यांदा यायच्या आधी मला आईनं, ताईनं, शाळेतल्या बाईंनी आणि वरच्या वर्गातल्या मुलींनी कोपऱ्यात घेऊन घेऊन सांगितलं होतं. जायच्या वेळी एकीनंही तोंड उघडलं नाही. येताना पायघड्या आणि जाताना मागचं दार.

नवऱ्याला सर्दी झाली आहे. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, दिवसभर बसून काम, अंगाला वारा म्हणून लागत नाही, तरी सर्दी. रात्री मी खिडकी उघडी टाकते, पंखा लावते, पांघरूण लाथाडते. सकाळी बघावं तर हे कानटोपी घालून, दोन ब्लँकेटांत गुंडाळलेले, आणि शिंका. मी म्हटलं, "अहो, तिकडच्या खोलीत तरी झोपा. मला झोप लागत नाही तुमच्या शिंकांनी." तर म्हणाले, "असू दे, इथंच बरं आहे." साधी सर्दी यांना सांभाळता येत नाही. माझ्या जागी असते तर काय केलं असतं कोण जाणे.

१५ जानेवारी

माझी गाडी काढून घेतली.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीन गाड्या. पांढरी जुनी माझी, इतकी वर्षं माझी. तिचा क्लच माझ्या पायाला ओळखतो. आज सकाळी मालकीणबाईंनी किल्ली पुढे केली, ती राखाडी गाडीची. "उद्यापासून ही घ्या."

मालकीणबाई म्हणजे मालकांची बायको. हिशेबाचं टेबल सांभाळते. सगळे हीटरजवळ घोळका करून उभे असतात, ही मात्र दाराशी खुर्ची टाकून बसणार, कोण कधी आलं, कोण कधी गेलं यावर डोळा ठेवायला. वर डोक्यावर पंखा. पावत्या उडतात, लोक कुडकुडतात, पण पंखा बंद करायची कुणाची टाप नाही. ओला रुमाल मानेवर टाकलेला असतो आणि कपाळाला कायम आठी. एवढा तोरा मी कुठल्याच मालकिणीत बघितला नाही. आणि हिला स्वतःला गाडी येत नाही.

मी विचारलं, "पांढरीला काय झालं?"

"तिची काच अडकते."

"मला सवय आहे."

"राखाडीचा एसी चांगला आहे."

"थंडीत एसी कुणाला हवाय?"

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "घ्या म्हटलं ना," एवढं बोलून रुमाल ओला करायला आत गेली.

मला कळतं सगळं. आधी गाडी काढायची, मग वेळा बदलायच्या, मग एक दिवस म्हणायचं की आता तुम्ही विश्रांती घ्या.

२० जानेवारी

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळची पहिली वेळ टायवाल्याची. विमा कंपनीत मोठ्या पदावर आहे, तिशीचा असेल, शिकायलाही टाय बांधून येतो. शांत आहे, पण गाडीत बसला की खांदे कानांना टेकतात. त्याची परीक्षा जवळ आली आहे.

बाजारामागच्या रस्त्यावर मला ते सुरू झालं. मी एसी लावला, काच उघडली, स्वेटर काढून मागे फेकला. पाण्याची बाटली तोंडाला लावली, थोडं पाणी रुमालावर ओतून गळ्याला लावलं. तो एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? आरसा बघा." खरं सांगायचं तर आवाज चढला होता. त्या वेळी मला कुणी बघितलेलंच सोसत नाही.

डावीकडे वळायचं होतं. त्यानं आरसा बघितला नाही, मान वळवली नाही, तसंच स्टिअरिंग फिरवलं. आणि डाव्या अंगाला सायकलवर एक आजोबा, हँडलला भाजीची पिशवी. मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला आणि ओरडले, "थांब." गाडी जागेवर मेली. आजोबांनी एक पाय जमिनीवर टेकवला, आम्हाला दोघांना एक सणसणीत शिवी दिली आणि निघून गेले.

टायवाला पांढराफटक पडला होता. मी लालबुंद. उतरताना त्यानं दार नीट लावलंही नाही.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं बोलणार नाही. रुमाल गळ्याला लावताना क्षणभर माझे डोळे मिटले होते. पाय जागेवर होता, ब्रेक वेळेवर लागला, आजोबा सुखरूप गेले. पण डोळे मिटले होते. ते मला टोचत राहिलं आहे.

२१ जानेवारी

रागाच्या भरात लिहितेय, अक्षर कसंही येईल.

कचेरीत शिरले तर मालक उभे. त्यांच्या शेजारी भोंगा, म्हणजे आमचा दुसरा शिक्षक. त्याचं हळू बोलणंही चौकापर्यंत ऐकू जातं. शिकायला आलेले चार-पाच जण बाकावर. मालकीणबाई दाराशी, पंख्याखाली.

मालक म्हणाले, "बाई, तक्रार आली आहे. तुम्ही काल गाडीत… घेऊन बसला होतात."

"काय घेऊन बसले होते?"

"बाई, समजून घ्या." त्यांनी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला.

मला आधी खरंच कळेना. मग भोंग्यानं खुलासा केला, अख्ख्या चौकाला कळेल असा. टायवाल्यानं रात्री फोन केला होता. बाईंचा चेहरा लाल होता, घाम येत होता, भर थंडीत कपडे काढून फेकले, बाटली तोंडाला लावली, विनाकारण ओरडल्या, अचानक ब्रेक मारला. बाई प्यायल्या होत्या.

सायकलवाल्या आजोबांबद्दल एक अक्षर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मालकांनी खणातून फुंकायचं यंत्र काढलं. पोलिसांकडे असतं तसलं. कालचं आज फुंकून काय कळणार, हे कुणालाच सुचलं नाही. "फक्त औपचारिकता," म्हणाले.

आणि मी फुंकलं. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय. ते यंत्र त्यांच्या तोंडावर फेकून मारायला हवं होतं. पण सगळे बघत होते, नाही फुंकलं तर खरंच वाटेल असं मनात आलं, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी पुढे होऊन फुंकलं. शून्य आलं. मालकांनी यंत्र हलवून बघितलं. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"हो, पण गिऱ्हाइकाला तसं वाटलं ना, बाई. आपला धंदा विश्वासाचा. तुम्ही काही दिवस गाडीवर नको. इथं बसून खुणा आणि नियम शिकवा. पगार तोच."

तेवढ्यात पुन्हा ते सुरू झालं. सगळ्यांदेखत गळ्यापासून कपाळापर्यंत लाल. भोंगा म्हणाला, "बघा, आताही." मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. मालकीणबाई दारातच उभी राहिली होती, माझ्याइतकीच लाल. मला वाटलं, हिला माझी लाज वाटतेय. मी तिच्या अंगावरूनच गेले.

२३ जानेवारी

कामावर गेले नाही. काल नाही, आज नाही.

ह्यांना सांगितलं. हे चष्म्याच्या काचा पुसत बसले होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "मी येऊ का मालकांशी बोलायला?" मी म्हटलं, "तुम्ही आधी तुमचं नाक आवरा." त्यांनी नाक पुसलं. थोड्या वेळानं एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता पुढे ठेवला. ह्यांच्या दुकानात चष्म्याला येतात, बायकांच्या डॉक्टर. वेळही घेऊन ठेवली होती, परस्पर. म्हणजे घरातही मी आजारीच ठरले.

नको म्हणणार होते. पण ते मिटलेले डोळे आठवले.

२७ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी मला तासभर बसवून घेतलं. रक्तदाब बघितला, रक्त तपासायला दिलं, मी काय काय खाते, झोप कशी लागते, घरात कुणाला कॅन्सर होता का, सगळं विचारलं. आणि पेनाला टोपण लावलं नाही.

"यावर औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "गोळ्या आहेत, चिकटवायच्या पट्ट्या आहेत. सगळ्यांना सगळं चालत नाही. रिपोर्ट आले की तुम्हाला काय चालेल ते आपण ठरवू. तोपर्यंत गरम चहा-कॉफी कमी करा, जाड स्वेटरऐवजी पातळ कपडे एकावर एक घाला. पटकन काढता येतात."

मी विचारलं, "मी गाडी शिकवू शकते का? खरं सांगा."

"तुम्हाला चक्कर येते? भान जातं?"

"नाही. गरम होतं. मरणाचं गरम होतं. एकदा डोळे मिटले होते, क्षणभर."

"ते सुरू होतंय हे आधी कळतं का?"

"कळतं. छातीत धडधडतं."

"मग तेव्हा काय करता येईल?"

मी विचार केला. "शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला सांगता येईल. तसाही तो धडा शिकवावाच लागतो."

त्या हसल्या. "मग झालं. शिकवा की."

इतकं सोपं होतं. गाडी कडेला घ्या, एवढं. ते न सांगता मी दात-ओठ खात ताठ बसून राहायचे, कुणाला कळू नये म्हणून. कुणाची भीड होती मला? जिना उतरताना रडू आलं. रागाचंच असणार.

२९ जानेवारी

आज गेले कचेरीत. मुद्दाम गर्दीच्या वेळेला. बाक भरलेला होता.

मालक म्हणाले, "या या, बाई. बसा, फळा तयार ठेवलाय तुमच्यासाठी."

मी उभी राहिले. "मालक, माझी पाळी बंद होते आहे. त्यामुळे मला अंगातून वाफा येतात, चेहरा लाल होतो, घाम येतो. त्या दिवशी तेच झालं होतं. बाटलीत पाणी होतं. ब्रेक मारला तो एक म्हातारा माणूस मरू नये म्हणून."

भोंग्याचासुद्धा आवाज बसला. मालकांनी बाकाकडे बघितलं. "बाई, इथं लोक बसलेत."

"बसू देत. प्यायल्याचं त्यांच्यासमोरच सांगितलंत ना? मग हेही त्यांच्यासमोर."

"पण हे विषय घरचे असतात."

तेव्हा दाराकडून आवाज आला. "घरी काढला की म्हणता, आत्ता नको. इथं काढला की म्हणता, घरी. मग बायकांनी बोलायचं कुठं? सिग्नलवर?"

मालकीणबाई उठून आली. ओला रुमाल तिनं टेबलावर आपटला. गळा, कान, कपाळ सगळं लाल, केस घामानं चिकटलेले. तो लाल रंग मी ओळखला. आरशात रोज बघते. दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर पंख्याखाली बसली आहे आणि मी तिला शिष्ट म्हणत आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिनं खण उघडला, ते यंत्र काढलं आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत फुंकलं. शून्य.

"आता मलाही घरी बसवा," ती म्हणाली. "मीही प्यायले आहे, बघा. दोन वर्षं रोज पितेय, तुमच्या शेजारी बसून. तुम्हाला कधी वास आला नाही?"

मालक खाली बसले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला जराही दया आली नाही.

"राखाडी गाडी मीच दिली होती त्यांना," मालकीणबाई म्हणाली. "एसीसाठी. बोलायचं होतं, पण जीभ उचलली नाही. उद्या सकाळपासून बाई गाडीवर. वेळा मी लावते." आणि मग बाकाकडे वळून, "कुणाला बाईंकडे शिकायचं नसेल तर आत्ताच सांगा, पैसे परत मिळतील."

कुणी हललं नाही. एक काकू मात्र हात वर करून म्हणाल्या, "मला भोंगा दिलाय. मला बदलून बाई द्या."

त्याला सगळं गाव भोंगाच म्हणतं हे त्याला आज कळलं.

३ फेब्रुवारी

टायवाला परत आला. मधले दिवस त्याला भोंग्यानं शिकवलं होतं, आणि त्याचे खांदे आता कानांच्याही वर गेले आहेत.

मला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "वाटलं तर मलाच का नाही विचारलंत?"

त्यानं स्टिअरिंग धरलं. "माझे वडील प्यायचे," म्हणाला. "पिऊन गाडी चालवायचे. मी मागच्या सीटवर असायचो. त्यांचा चेहरा असाच लाल व्हायचा, काच उघडायचे, आणि आरडाओरडा. त्यांना विचारलं की मार बसायचा. म्हणून तुम्हाला नाही विचारलं."

"आणि सायकलवाले आजोबा? ते का नाही सांगितलेत?"

"लाज वाटली."

माझा राग गेला नाही, तो जायचं काही कारणही नाही. एका फोननं त्यानं माझं नाव मातीत घातलं. पण मागच्या सीटवरचं ते पोर मला दिसलं, आणि जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

"परीक्षेत डावीकडे वळताना मान वळवायची," मी म्हटलं. "नुसता आरसा नाही. मान."

वाटेत मला धडधडायला लागलं. "गाडी कडेला घ्या," मी म्हटलं. "मला गरम होतंय. दोन-चार मिनिटं लागतील." त्यानं सिग्नल दिला, आरसा बघितला, मान वळवली आणि गाडी कडेला लावली. सुरेख लावली. मग स्वतःच्या बाजूची काच खाली केली आणि टाय सैल करून बाहेर बघत बसला.

१४ फेब्रुवारी

रिपोर्ट ठीक आले. औषध सुरू झालं आहे. लगेच जादू होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे.

आज शेवटच्या तासाला राखाडी गाडीत कोण आहे म्हणून बघितलं तर मालकीणबाई. पर्स मांडीवर, पाठ ताठ.

"कुठं सोडायचंय?" मी विचारलं.

"सोडायचं नाही. शिकायचंय."

"मालकांना माहीत आहे?"

"ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हापासून म्हणतेय, मला गाडी शिकवा. म्हणतात, मी आहे ना, तुला कशाला हवी. एवढी वर्षं लोकांच्या लायसन्सच्या पावत्या फाडतेय." मग म्हणाली, "पैसे भरलेत मी. पावती फाडली आहे."

आम्ही जागा बदलल्या. तिला क्लच दाखवला, ब्रेक दाखवला. पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. ती स्टिअरिंग असं धरते जसं कुणी काढून घेणार आहे.

परत येताना कचेरीच्या अलीकडच्या चढावर गाडी बंद पडली. मागे चार-पाच गाड्या, सगळे हॉर्न वाजवायला लागले. एक जण काच खाली करून ओरडला, "ताई, घरी जाऊन स्वयंपाक करा." तिचा गळा लाल होत होता, माझाही होत होता. मी हँडब्रेक ओढला आणि पाय माझ्या ब्रेकच्या वर नुसता तयार ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"वाजवू देत," मी म्हटलं. "रस्ता त्यांच्या बापाचा नाही. क्लच दाबा. किल्ली फिरवा. आता हळूहळू सोडा, गाडी थरथरली की थांबा."

"थरथरतेय."

"मग हँडब्रेक काढा आणि रेस द्या."

गाडी जराशी मागे सरकली. मागचा ओरडणारा गप्प झाला. तिनं ओठ आवळले, रेस दिली, आणि आम्ही चढ चढून गेलो. मी ब्रेकला पाय लावला नाही.

वर पोचल्यावर मी म्हटलं, "डावीकडे घ्या, कचेरी आली."

तिनं आरसा बघितला, मान वळवली, कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी सरळ पुढे नेली.